मध विकू उघड्या बाजारात, ग्रामसभेच्या पावतीवर



आग्या माशी डोंगरात परत आली आहे. कड्यांना, सावरीला, जुन्या उंबरांना पोळी लोंबू लागली. होळीच्या आसपास मध उतरायला सुरुवात होईल आणि पहिला पाऊस पडेपर्यंत ते काम चालेल. व्यापाऱ्यांच्या माणसांनी मात्र आतापासूनच पाड्यांवर फेऱ्या सुरू केल्यात. कुणाला पाचशे, कुणाला हजार उचल देऊन ठेवली. रिकामे डबेसुद्धा तेच ठेवून गेलेत. म्हणजे फुलं अजून फुलायची आहेत आणि मध विकला गेला आहे!

आमचं म्हणणं असं की यंदा हा मध मागच्या दाराने जाऊ द्यायचा नाही. तो आठवडा बाजारात, दिवसाढवळ्या, आपल्या माणसाने बसून विकायचा. त्यावर ग्रामसभेची पावती द्यायची. भाव दोन रुपये जास्त मिळतो की कमी हा पुढचा प्रश्न. आधी हे ठरवू की मध चोरीचा नाही आणि आपण चोर नाही.

चोर का वाटतो आपण? कारण शंभर वर्षं तसं वागवलंय. १९२७ चा भारतीय वन कायदा काढून बघा. त्यात जंगलातल्या मालाची यादी आहे, आणि त्या यादीत मध आणि मेण ही नावं लिहिलेली आहेत. त्याच कायद्यात पुढे म्हटलंय की जंगलातला माल सरकारचा आहे की नाही असा वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरायचा. माशी रानातली, फूल रानातलं, कड्यावर जीव टांगून उतरणारा माणूस आपला, आणि माल सरकारचा. आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

हा कायदा गार्डच्या तोंडी अजून जिवंत आहे. गेल्या उन्हाळ्यात एका पाड्यावरच्या दोन पोरांना नाक्यावर अडवलं. दहा लिटरचा डबा होता. “पास कुठाय?” पोरं गप्प. डबा काढून घेतला, वर दम दिला की पुन्हा दिसलात तर केस करीन. पंचनामा नाही, कागद नाही, सही नाही. डब्याचं काय झालं ते आम्ही लिहीत नाही, ज्याला समजायचं त्याला समजलं. पोरांच्या पोळलेल्या हातांना आणि सुजलेल्या डोळ्यांना कुणी पास विचारला नाही.

आता याच नाक्यावरून व्यापाऱ्याचा टेम्पो जातो. त्यात आपलाच मध असतो, दहा नाही दोनशे लिटर. तो अडलेला आम्ही तरी पाहिला नाही. व्यापाऱ्याला आपली भीती माहीत आहे. तो भाव मधाचा देत नाही, भीतीचा देतो. “तू नेशील बाजारात? गार्ड धरील. त्यापेक्षा मला दे.” या एका वाक्यावर त्याचा धंदा उभा आहे. गार्डची धमकी आणि व्यापाऱ्याचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे आपण नीट ध्यानात घेतलं पाहिजे.

तर पास कुठाय, याचं उत्तर आता आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याच्या कलम २ मध्ये गौण वनोपज म्हणजे काय ते लिहिलंय : बांबू, तेंदू, लाख, औषधी मुळ्या, आणि त्यातच मध, मेण. कलम ३(१)(ग) म्हणतं की गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा आणि त्याच्या मालकीचा हक्क आपला आहे. मालकीचा हा शब्द दोनदा वाचा. सवलत म्हटलेलं नाही, परवानगी म्हटलेली नाही.

पण नियम करणाऱ्यांनी तिथंही खुट्टी मारून ठेवली होती. २००८ च्या नियमांत लिहिलं होतं की हा माल डोक्यावरून, सायकलवरून, हातगाडीवरून न्यायचा. म्हणजे एसटीत डबा चढवला की पुन्हा भांडण. मालक आपण, पण मालकाने चालतच जायचं! त्यावर देशभरच्या संघटनांनी भांडण केलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये नियम बदलले. आता जंगलाच्या आत आणि बाहेर योग्य त्या वाहनाने माल नेता येतो. वाहतुकीचा परवाना लागलाच तर तो ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेला माणूस देणार. गोळा करण्यावर रॉयल्टी नाही, फी नाही. आणि परवान्याच्या कारणाने आपला विकण्याचा हक्क अडवता येणार नाही, असंही त्यात लिहिलंय. म्हणून नाक्यावर कुणी पास विचारला तर खिशातून ग्रामसभेचा परवाना काढायचा. तरी डबा घेतलाच तर म्हणायचं, साहेब जप्तीचा कागद द्या. जप्ती केली की माल मोजून खूण करून वर कळवायला लागतं, हे त्यांच्या १९२७ च्याच कायद्यात आहे.

हे कागदावरचं बोलणं आहे असं कुणी म्हणेल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ते कागदावरून खाली आणलं. २००९ साली त्यांना सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायला काढला तर खातं म्हणे बांबू म्हणजे झाड, परवाना आम्ही देणार. गाव अडून बसलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तेव्हा तर २०१२ चे नियमसुद्धा नव्हते. बांबूला लाखोंची किंमत आहे म्हणून तिथे एवढं रान उठलं. मधाला तेवढी किंमत नाही म्हणून आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही. पण हक्क तोच, कलम तेच, परवान्याचं पुस्तकही तसंच.

आता भावाचं बोलू. कारण पोट हक्कावर भरत नाही असं म्हणणारे साथी आपल्यात आहेत आणि त्यांचं म्हणणं टाकून देण्यासारखं नाही.

पहिली गोष्ट मापाची. व्यापारी लिटरने मोजून घेतो आणि किलोने हिशेब करतो. डबा दहा लिटरचा, तो म्हणतो दहा किलो. मध पाण्यापेक्षा जड असतो. एक लिटर मध म्हणजे जवळजवळ एक किलो चारशे ग्राम. दहा लिटरच्या डब्यात चौदा किलोच्या आसपास मध बसतो. आपल्याला पैसे दहाचे, वरचे चार किलो तसेच गेले. दारूच्या रिकाम्या बाटलीने मोजला तरी तेच. ती बाटली साडेसातशे मिलिलिटरची, व्यापारी पाऊण किलो धरतो, आत किलोभर मध असतो. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बायने हे ऐकून विचारलं, “म्हंजी इतकी वर्सं दर चार डब्यांमागं एक डबा फुकट दिला का?” हिशेब करा, एकाहून जास्तच होतो. म्हणून तराजू पाहिजे. लिटरचं माप बंद. ज्या पाड्यावर काटा नाही तिथे ग्रामसभेने पहिला खर्च काट्याचा करावा.

दुसरी, मेणाची. पोळं पिळून झालं की चोथा व्यापारीच घेऊन जातो, जणू कचरा उचलून उपकार करतोय. ते मेण आहे. ते विकतं. कायद्यात त्याचंही नाव मधाच्या शेजारी लिहिलंय. गरम पाण्यात वितळवून, फडक्यातून गाळून, थापी करून ठेवली तर वर्षभर टिकते. तीही किलोने विकायची.

तिसरी, सरकारी भावाची. केंद्र सरकारने २०१३-१४ पासून गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत द्यायची योजना काढली. त्यात सुरुवातीला जंगली मधाला किलोला १३२ रुपये धरले होते. महामंडळाचं खरेदी केंद्र आपल्या पट्टीत उघडेल तेव्हा उघडेल, हिरड्याच्या नि मोहाच्या वेळी आपण त्या केंद्रांचे दरवाजे पुष्कळ पाहिलेत. आम्ही त्यावर बसून राहा म्हणत नाही. पण आकडा कामाचा आहे. उद्या व्यापारी शंभराच्या आतला भाव सांगायला लागला की त्याला हा आकडा ऐकवायचा. सरकारच्या तेव्हाच्या हिशेबानेसुद्धा याच्या खाली मध जाऊ नये, आणि तू तर काट्यातही मारतोस.

आणि बाजारात काय मिळतं? गेल्या हंगामात आपल्या तीन गावांतल्या बाया नाशिकच्या एका शेतकरी बाजारात मध घेऊन बसल्या. तिथे शेतकरी थेट गिऱ्हाइकाला माल विकतो, मध्ये दलाल नाही. एका बाजूला द्राक्षं, एका बाजूला नागलीचं पीठ, मध्ये आपल्या बाया. पहिल्या दिवशी फार काही खपलं नाही. लोक येत, बाटली हातात घेऊन उजेडात धरत आणि विचारत, “मावशी, खरा आहे ना? साखर नाही ना?” एक बाई म्हणाली, “दुकानातला तर पिवळाधमक असतो, हा काळपट का?” आपली बाय म्हणाली, “ताई, फुल बदललं का रंग बदलतो. करंजाचा येगळा, जांभळाचा येगळा. दुकानातल्या फुलाचं मला नाय म्हाईत.” ती बाई हसली आणि दोन बाटल्या घेऊन गेली. दुसऱ्या खेपेला पावतीपुस्तक नेलं होतं. पावतीवर गावाचं नाव, ग्रामसभेचा शिक्का, मध कुठल्या डोंगरावरचा आणि कुठल्या महिन्यात उतरवला ते लिहिलेलं. तेव्हा गिऱ्हाइकाने भाव करायचं कमी केलं. किलोला अडीचशे रुपयांनी मध गेला. जाण्यायेण्याचं भाडं, बाटल्या, जेवण वजा करून व्यापाऱ्याच्या भावाच्या दुप्पट हातात राहिले. काटा आपला होता हे वेगळंच.

शहरातला माणूस खरा मध घ्यायला धडपडतोय, कारण तो फसला आहे. घाटरस्त्यांवर बादलीत पोळ्याचा तुकडा टाकून बसणारे तुम्ही पाहिले असतील. खाली गुळाचा पाक, वर चार मेलेल्या माश्या आणि पोळं दाखवायला. अंगावर आदिवासी दिसेल असा कपडा. गाडीवाला थांबतो, फसतो, आणि पुढच्या वेळी आपली बाय खरा मध घेऊन बसली की तिलाच म्हणतो, तुम्ही लोक असंच करता. दुसऱ्याने केलेली भेसळ आपल्या नावावर जमा होते. आणि इथे आपण आपल्यातही बघू. डबा भरायला दोन लिटर कमी पडले तर गूळ विरघळवून घालणारे आपल्या पाड्यांवर नाहीत असं कुणी शपथेवर सांगावं. व्यापारीच तसं करायला शिकवतो हे खरं. पण ग्रामसभेच्या शिक्क्याखाली एक जरी बाटली पाकाची गेली, तर तो शिक्का गेला. एकाने केलं तरी सगळ्या गावाचा जातो. म्हणून आमचं मत कडक आहे : भेसळ करणाऱ्याचा मध त्या हंगामात ग्रामसभेने घेऊ नये, मग तो कुणाचाही भाऊ असो.

गिऱ्हाईक परीक्षा घेतं तेव्हा गोंधळून जाऊ नका. कुणी म्हणतं खऱ्या मधाला मुंगी लागत नाही. लागते. गोड आहे, का नाही लागणार? कुणी काडी मधात बुडवून पेटवून बघतं, कुणी पाण्यात थेंब सोडून बघतं. दाट पाकसुद्धा पाण्यात तसाच तळाला जातो. थंडीत मध खाली बसतो, रवाळ होतो, तेव्हा म्हणतात साखर घातली. उलट आहे, बऱ्याच फुलांचा चांगला मध थंडीत गोठतोच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायचं. आणि जे खरं आहे तेही सांगायचं, की आग्याचा मध सातेरीच्या मधापेक्षा पातळ असतो, त्यात पाण्याचा अंश जास्त, म्हणून तो कोरड्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवा. लपवलं की दोन महिन्यांनी बाटली फसफसते आणि गिऱ्हाईक आपल्याला शिव्या देतं.

फसफसण्याचं अर्धं कारण मात्र आपल्या हातात आहे. घाई करून कच्चं पोळं कापलं, म्हणजे माशीने घरांवर मेणाचं झाकण घालायच्या आधीच, तर मध पाणचट निघतो. सगळं पोळं अंड्या-अळ्यांसकट हाताने पिळलं तर अळ्यांचा रस त्यात उतरतो. मध गढूळ होतो, आंबतो, वासही येतो. पोळ्याचा वरचा जाड भाग मधाचा असतो आणि खालचा पसरट भाग पिल्लांचा. वरचा भाग तेवढा कापायचा, घरं उघडी करून स्वच्छ फडक्यावर निथळत ठेवायचा. पिळायचा नाही. वेळ लागतो, पण मध काचेसारखा उतरतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने विदर्भातल्या आदिवासी मध काढणाऱ्यांना अशाच रीतीने आग्याचा मध काढायला शिकवलं. अंगभर जाड कपडा, तोंडावर जाळी, दोर, थोडा धूर, आणि मशालीने माशा जाळणं बंद. पिल्लं राहिली की माशी तिथेच राहते, पुन्हा भरते, आणि त्याच हंगामात त्याच पोळ्यावर पुन्हा मध मिळतो. जाळलं की त्या दिवसाचा डबा भरतो आणि कडा रिकामा होतो.

जुन्या माणसांना यात नवीन काही वाटणार नाही. अमुक कड्यावरची सगळी मोहोळं एका दिवशी काढायची नाहीत, चार तरी सोडायची, हे त्यांनी आपल्याला सांगितलंय. ज्याला मोहोळ आधी दिसलं त्याने खूण करायची आणि बाकीच्यांनी ती मानायची, हेही. उचल घेतलेला माणूस मात्र ही खूण मानत नाही, कारण त्याच्या डोक्यावर डबा भरायचं ओझं असतं. जंगल खातं आपल्यावर आरोप करतं की आदिवासी मशाली लावून वणवे लावतात. आरोप करणारे कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. वन विकास महामंडळाने १९७४ पासून मिश्र जंगल साफ करून सागाच्या रांगा लावल्या, त्यात किती मोहाची, जांभळाची, सावरीची झाडं गेली ते त्यांनी मोजलं नाही. तरीसुद्धा मशाल हातात धरून त्यांना उत्तर देता येत नाही. ग्रामसभेने मशालीने मध काढायला बंदी घातली तर तो आपला नियम असेल, त्यांचा नाही. कलम ५ ने जंगल, रानजनावरं सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे, तो वापरायचा कधी?

काही साथी म्हणतात, बाजार लागला की लालच येते, पाचशेच्या जागी अडीच हजार दिसले की एक मोहोळ शिल्लक राहणार नाही, त्यापेक्षा आहे तसंच चालू दे. ही भीती खोटी नाही. डिंकाचं काय झालं ते आपण पाहिलंय, झाडाला घाव घालून घालून झाडं वाळली. पण आहे तसं चालू ठेवलं म्हणजे जंगल वाचतं असं नाही. व्यापाऱ्याचा भाव कमी म्हणून माणूस कमी मध काढत नाही, उलट जास्त काढतो, कारण घर तर चालवायचंच आहे. चार डब्यांत जेवढं मिळतं तेवढं दोन डब्यांत मिळालं, तर उरलेली मोहोळं सोडायला आपण बांधील राहू शकतो. किती काढायचं हे मात्र हंगामाआधी ग्रामसभेत ठरलं पाहिजे, हंगामात ठरवायला गेलो तर भांडणं होतील.

पैसा कुणाच्या हातात जाणार हा प्रश्न राहतो, आणि तो नाजूक आहे. कड्यावर पुरुष उतरतो. निथळणं, गाळणं, बाटल्या भरणं, बाजारात बसणं हे बाया करतात. व्यापारी संध्याकाळी येतो, पुरुषाच्या हातात नोटा ठेवतो, आणि त्यातल्या निम्म्या रात्रीपर्यंत कुठे जातात ते आपल्या घरच्या बायांना विचारा. बाजारात बाय बसली तर पैसे तिच्या कनवटीला येतात. आम्हाला हे मध विकण्याइतकंच मोठं वाटतं. दुसरं म्हणजे, आपल्यातल्या कातकरी भावांकडे ना प्लॉट ना सातबारा, पण कड्यावर चढण्यात त्यांच्या जवळपास कुणी येत नाही. सामूहिक हक्क हा जमीन नसलेल्याचाही हक्क आहे. गावाच्या पावतीपुस्तकावर फक्त जमीनवाल्यांची नावं चढली आणि कातकरीवाडी मजुरीवर राहिली, तर आपण नवे सावकार झालो असं ते म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. त्यांच्यातले बरेच जण दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते उचल घेतली म्हणून. मधाची रक्कम हातात खात्रीने येणार असेल तर निदान काही घरं यंदा पाड्यावर राहतील.

एक गोष्ट मध्येच सांगायची राहिली. पाड्यावरच्या दुकानात हल्ली मधाची छोटी बाटली मिळते, आणि आपलीच घरं ती विकत घेतात, खोकल्याला म्हणून. डोंगराचा मध व्यापाऱ्याला विकून कंपनीचा मध दुकानातून! दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१० साली बाजारातल्या मधाचे १२ नमुने तपासले, त्यातल्या ११ मध्ये अँटिबायोटिक औषधं निघाली. प्रत्येक घराने दोन बाटल्या आपल्या घरासाठी आधी बाजूला काढाव्यात, मग विकावं. फक्त वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवू नका, जन्मल्याबरोबर चाटवायची रीत असली तरी. मधात एक जंतू असू शकतो, तो मोठ्यांना काही करत नाही, तान्ह्याच्या पोटाला झेपत नाही.

आता जमिनीच्या लढ्याशी याचा संबंध काय, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी. आपले प्लॉटचे दावे पुष्कळ गावांत भरून झाले, काही मंजूर, काही उपविभागीय समितीकडे पडलेले. सामूहिक दावे मात्र अनेक गावांचे अजून भरायचे आहेत. त्यात विचारतात, हे जंगल तुम्ही वापरता याला पुरावा काय? नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. चराईच्या जागा, पाण्याच्या जागा, देवाच्या जागा, आणि कंदमुळं, रानफळं, गौण वनोपज गोळा करायच्या जागा. मधाचा कडा हा असा पुरावा आहे की जो कुणाला खोटा करता येणार नाही. प्रत्येक कड्याला नाव आहे, कोण कधीपासून तिथे उतरतो ते म्हाताऱ्यांना पाठ आहे, आणि म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही नियमाप्रमाणे पुरावा धरला जातो. वर पावतीपुस्तक. दर हंगामात, दर बाजाराला, अमुक डोंगरावरचा इतके किलो मध अमुक ग्रामसभेने विकला. पाच वर्षांच्या पावत्या एकत्र ठेवल्या तर त्या फाइलीपुढे फॉरेस्टच्या नकाशातलं “निर्मनुष्य वन” टिकत नाही. व्यापाऱ्याला मागच्या दाराने दिलेल्या डब्याची पावती नसते. मध जातो आणि पुरावाही जातो.

बाजारात बसायचं तर अन्न सुरक्षेच्या कायद्याखाली नोंदणी लागते, त्यावरूनही कुणी अडवू नये. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, फी वर्षाला १०० रुपये. ती एका ग्रामसभेच्या नावावर किंवा बचत गटाच्या नावावर करून घ्यावी. अर्ज भरायला संघटनेचे कार्यकर्ते येतील.

ज्यांनी उचल घेतली आहे त्यांनी लाजू नये. पुढच्या ग्रामसभेत किती घेतली ते सांगावं. गावाने वर्गणी काढून किंवा ग्रामकोषातून ती परत करावी आणि माणूस मोकळा करावा. ते जमत नसेल तिथे निदान एवढा ठराव व्हावा की उचलीचा मधसुद्धा काट्यावर मोजून, किलोने आणि सरकारी आधारभूत भावाच्या खाली नाही. व्यापारी नाही म्हणाला तर त्याचे डबे त्याला परत द्यावेत. रिकामे.

परवान्याची आणि विक्रीची पावतीपुस्तकं छापून संघटनेच्या ऑफिसात आली आहेत. नेताना ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सोबत आणावी, ठरावावर समितीत कोण कोण आहे त्यांची नावं आणि बायांच्या सह्या असाव्यात. कड्यांची नावं लिहायचा कोरा नकाशाही तिथेच मिळेल. होळीच्या आत ज्या गावांचं हे होईल, त्यांनी नाशिकच्या बाजाराच्या पहिल्या खेपेसाठी आपली माणसं कळवावीत, एका टेम्पोत सगळ्या गावांचा मध नेला तर भाडं वाटून पडेल.